आता अधिक शुभ्र!

मराठी समीक्षकांनी कादंबरी तपासली, कविता तपासली, नाट्यछटा आणि लघुनिबंध हे जवळजवळ वारलेले प्रकारही नाडी धरून तपासले. पण ज्या वाङ्मयाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि किराण्याच्या पिशवीतून, तूरडाळ आणि रवा यांच्यामध्ये दबून घरोघर जाते, त्या धुण्याच्या पावडरीच्या वाङ्मयाकडे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. कवितासंग्रहाची पहिली आवृत्ती संपायला कवीची हयात पुरत नाही. पावडरीचे पाकीट पंधरा दिवसांत संपते आणि लोक पैसे मोजून दुसरे आणतात. ह्या लोकप्रियतेचा मत्सर बाजूला ठेवून ह्या वाङ्मयाचे मूल्यमापन करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी पाकिटे वाचतो. पुढची बाजू वाचतो, मागची वाचतो आणि चष्मा पुसून, घडीत मुडपलेली बारीक अक्षरेही वाचतो. आमच्या घरी ह्याला कुणी वाचन समजत नाही. पण न्हाणीघरात माणसाने दुसरे वाचायचे तरी काय?

ह्या वाङ्मयाचे प्रकाशन समारंभपूर्वक होते. त्याला ‘लाँच’ म्हणतात. आमच्या लहानपणी लाँच म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायची. तिच्यात टोपल्या, कोंबड्या आणि मळमळ असे. आता लाँच होतो तो द्राव. मोठ्या हॉटेलात मखमली पडद्याआड बाटली झाकून ठेवतात, पायाशी धूर सोडतात, नटी येते, कळ दाबते, पडदा सरकतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात संडास धुण्याची बाटली प्रकट होते. आमच्या एका कविमित्राच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला सात माणसे होती आणि त्यांतली दोन हॉल बंद करायला आलेली होती. असो.

तर ह्या वाङ्मयाची संहिता. ती तीन अंकी असते. पहिल्या अंकात मळ, दुसऱ्यात लाज, तिसऱ्यात पावडर. पावडर शेवटच्या अंकात येते हे नीट लक्षात ठेवा, कारण सारी मख्खी तिथे आहे. भांड्याला खरकटे असते आणि सदऱ्याच्या कॉलरला काळी रेघ असते, हे कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. त्यासाठी जे लागते ते घरात आधीच आहे. मग नवे खपणार कसे? म्हणून नवी पावडर बाजारात आणण्यापूर्वी नवा मळ बाजारात आणावा लागतो. पूर्वी डोळ्यांना दिसणारा मळ होता. मग ‘तुम्हाला स्वच्छ वाटतो, पण नाही’ असा मळ आला. मग धाग्याच्या आतला मळ आला. आता तर धुतलेल्या कपड्याला कपाटात ठेवल्यावर येणाऱ्या वासाचीही एक वेगळी बाटली असते. मळाचा हा विकास पाहिला की डार्विन थोडक्यात आटोपला असे वाटते.

थोडा इतिहास सांगतो, कारण समीक्षेला इतिहासाची जोड लागते म्हणतात. १८८८ सालच्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. वड्यांवर, इंग्लंडात लीव्हर ब्रदर्सनी बनवल्याचे उठावाच्या अक्षरांत कोरलेले होते. त्याआधी आपण मळके होतो असे नाही. रिठे होते, शिकेकाई होती, धुण्याचा सोडा होता, भांड्यांना राख आणि नारळाची शेंडी होती, आणि परटाकडे भट्टी व दगड ही दोन यंत्रे होती, ज्यांच्यापुढे मळ आणि गुंड्या दोन्ही टिकत नसत. साबणाच्या वडीबरोबर नवे आले ते वेष्टन. रिठ्याला वेष्टन नसते, म्हणून रिठ्याला बोलता येत नाही. वेष्टन आले आणि साबण बोलू लागला. तो अजून थांबलेला नाही.

१९५९ साली सर्फ आले. ही निळी पावडर मुळात साबणच नव्हती. साबण तेलचरबी आणि क्षार ह्यांच्या संयोगातून होतो आणि विहिरीच्या जड पाण्यात त्याचा चोथा होऊन कपड्यावरच बसतो. ही पावडर पडली खनिज तेलाच्या घराण्यातली. तिला जड पाण्याचे वावडे नव्हते. बादलीत फेस करायचा, कपडे भिजवायचे, ही पद्धत हळूहळू रुळली. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध गडगडाट आणि पाऊस यांच्याइतकाच. म्हणजे असतोही आणि नसतोही. पण फेस दिसला नाही तर गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखे वाटते. म्हणून फेस ठेवावा लागतो. नाटकात पल्लेदार स्वगत ठेवतात तसा.

१९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या, सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रसायनज्ञाने घरीच पावडर तयार केली आणि सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. पिवळी पावडर, साधी पिशवी आणि किंमत सर्फच्या एकतृतीयांशाहूनही कमी. हा ह्या वाङ्मयातला ग्रामीण प्रवाह म्हणायला हरकत नाही. पंचतारांकित हॉटेल नाही, धूर नाही, नटी नाही. लाँच म्हणजे सायकलचे स्टँड काढणे. नाव निरमा, कारण मुलीचे नाव निरुपमा. ती पुढे अपघातात गेली. पाकिटावर मात्र पांढऱ्या फ्रॉकातली एक मुलगी गिरकी घेतेच आहे. तिकडे केरळात १९८३ साली एम. पी. रामचंद्रन यांनी उजाला ही पातळ नीळ काढली, आणि कंपनीला मुलीचेच नाव दिले, ज्योती. ज्या वाङ्मयाचा सगळा व्यवहार बायकांना लाज आणण्यावर चालतो, त्यात दोन बापांनी लेकीचे नाव बाटलीवर-पाकिटावर घालावे, ह्यावर मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

आता नायिका. अंगाच्या साबणाला नटी आणि कपड्यांच्या साबणाला गृहिणी अशी ह्या क्षेत्रात जुनी वाटणी आहे. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत आपल्या लीला चिटणीस झळकल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. त्यांनी कुणाच्या कॉलरी घासाव्यात अशी कुणाची अपेक्षा नव्हती. कपड्यांच्या साबणाची नायिका मात्र सोज्ज्वळ, किंचित घाबरट आणि नवऱ्याच्या शर्टाच्या बाबतीत अत्यंत हळवी असायची. नवरा ऑफिसला निघतो, साहेब त्याच्या शर्टाकडे बघतो, बढती अडते. (आमच्या ऑफिसात बढती ज्या कारणांनी अडायची त्यांत शर्टाचा नंबर बराच खाली होता. पण ते असो.) बढती अडली की बाई कॅमेऱ्याकडे अपराधी नजरेने बघायची आणि शेजारीण हसायची. मग पावडर.

ह्या मुळूमुळू नायिकांच्या गर्दीत एक बाई ताठ मानेने आली. ललिताजी! १९८० च्या दशकातली गोष्ट. निरमाने सर्फचा बाजार खाल्ला होता आणि स्वस्त पावडरीला महाग पावडरीने उत्तर द्यायचे होते. अलीक पदमसींच्या लिंटास ह्या जाहिरातसंस्थेने ही बाई उभी केली. कविता चौधरींनी ती अशी वठवली की दूरदर्शनच्या पडद्यातून हात काढून ती आपल्या हातातली मेथीची जुडी तपासील असे वाटायचे. ललिताजी भाजी घेताना पै पै करते. तिला एक पुरुषी आवाज मागून विचारतो की, बाई, मग पावडर एवढी महाग का घेता? ती वळते आणि त्या आवाजाला शाळेतल्या मास्तरणीसारखी फैलावर घेते. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू ह्यांत फरक असतो, अर्धा किलो ही बरोबर एक किलो ती, हिशेब संपला.

मी ललिताजींना ह्या वाङ्मयातली सर्वश्रेष्ठ नायिका मानतो. ती लाजत नाही. नवऱ्याच्या बढतीचा तिच्या संभाषणात उल्लेख नाही. शेजारणीचा पदर पांढरा की पिवळा, ह्याचे तिला सुतक नाही. ती गिऱ्हाईक आहे, अपराधी नाही. पुढे १९८९ मध्ये कविता चौधरी ‘उडान’ ह्या मालिकेत पोलीस अधिकारी होऊन आल्या, तेव्हा आमच्या घरी कुणालाच नवल वाटले नाही. ललिताजी पोलिसात जाणार हे भाजीवाल्यालासुद्धा ठाऊक होते. कविता चौधरी २०२४ साली गेल्या. मृत्युलेखांत ‘उडान’ होते आणि ललिताजीही होती. वर्षानुवर्षे ह्या वाङ्मयातल्या दुसऱ्या कुठल्या नायिकेला एवढा मान मिळाल्याचे मला आठवत नाही.

ललिताजींच्या गणितात मात्र एक खोट आहे, ती समीक्षक म्हणून नोंदवतो. अर्धा किलो बरोबर एक किलो हे कागदावर ठीक. पण आमच्याकडे पावडरीचे माप चमचा नसून मूठ आहे. पावडर स्वस्त आणा नाहीतर महाग, मूठ तीच. त्यामुळे अर्धा किलो निम्म्या दिवसांत संपतो आणि ललिताजी उरतात फक्त पडद्यावर. आणखी गंमत म्हणजे, स्वस्त आणि चांगले यांतला फरक देशाला पढवून झाल्यावर त्याच कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील नावाची स्वतःची स्वस्त पावडर जोरात पुढे आणली. ललिताजींना ह्यावर काय वाटले ते कुणी विचारले नाही.

त्यानंतर ह्या नायिकेचा जो ऱ्हास झाला त्याचा तळ २०१० साली गाठला गेला. बसथांब्यावर दोन आया उभ्या. एकीच्या पिशवीतून टाइडचे पाकीट डोकावतेय, दुसरीकडे रिन. शाळेची बस येते, मुले उतरतात. टाइडवालीचा मुलगा मळकट, रिनवालीचा लखलखीत. आणि तो लखलखीत बाळ आईला विचारतो की, ह्या काकू अशा दचकल्या का? दचकणे हे टाइडच्याच घोषवाक्यातले, म्हणजे टोमणा दुहेरी. आजवर ह्या प्रांतात प्रतिस्पर्ध्याला ‘साधी पावडर’ म्हणायचा शिष्टाचार होता. इथे नाव घेऊन भांडण. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने जाहिरात थांबवायला सांगितले. म्हणजे १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात जे उतरले ते सव्वाशे वर्षांनी कलकत्त्याच्याच कोर्टाची पायरी चढले. कायद्याचे मला कळत नाही. समीक्षेचे एवढे सांगतो की, ललिताजींच्या वाङ्मयात हे चालले नसते. भर रस्त्यात दुसऱ्याच्या आईला खाली बघायला लावणाऱ्या पोराचा कान तिने त्या थांब्यावरच पिळला असता.

‘शुभ्र’ ह्या शब्दाचे थोडे परीक्षण करू, कारण सारे वाङ्मय त्याच्या खांद्यावर उभे आहे. दर वर्षी कपडे ‘आता अधिक शुभ्र’ होतात. मी साधा हिशेब केला: दर वर्षी थोडे थोडे अधिक असे साठ-पासष्ट वर्षे चालले असेल, तर एव्हाना माझा सदरा रात्री दिव्याविना वाचनाला उपयोगी पडायला हवा होता. पण शास्त्र बघायला गेलो आणि चकित झालो. पांढरा कपडा वापरून पिवळट होतो. पूर्वी आई नीळ घालायची. फडक्याच्या पुरचुंडीत निळीची पूड, ती पाण्यात बुचकळायची. निळा रंग पिवळ्याला झाकतो आणि डोळा त्याला पांढरे म्हणतो. पुरचुंडी फुटली तर वडिलांच्या धोतरावर आशिया खंडाचा नकाशा उमटे. आताच्या पावडरीत ते काम करणारी वेगळी द्रव्ये असतात. ती उन्हातले न दिसणारे अतिनील किरण पितात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. म्हणजे कपड्यावर दिसणारा प्रकाश जेवढा पडला त्याहून जास्त परत येतो! ‘शुभ्राहून शुभ्र’ ही ह्या वाङ्मयातली सर्वांत फुगवलेली वाटणारी अतिशयोक्ती पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अक्षरशः खरी निघाली. नाचघरातल्या जांभळ्या दिव्याखाली सभ्य माणसाचे बनियन का पेटते, त्याचा उलगडाही इथेच होतो. फक्त एक आहे. ह्या साऱ्या प्रकाशलीलेचा मळ निघण्याशी काही संबंध नाही. मळ आपल्या जागी असू शकतो, वर चांदणे पडलेले.

आणि भाषा! इथे समीक्षकाला हळहळ वाटते. मळाच्या बाबतीत मराठी ही केवढी श्रीमंत भाषा. मळकट, कळकट, मेणचट, ओशट, तेलकट, चिकट, कुबट, आंबूस, राप, पुट, काट, कीट, शेवाळ, जळमट, खरकटे, करपलेले, बुडाला लागलेले. पातेल्याच्या बुडाशी काय आहे ते आजी न बघता, नुसत्या वासावरून एका शब्दात सांगायची. पाकिटावर ह्यातले काय? ‘कठीण डाग’ आणि ‘जिद्दी डाग’. बस. त्यातला ‘जिद्दी’ तर हिंदीतून कपडे न बदलता आलेला. हिंदीत जिद्दी म्हणजे हट्टी, दुराग्रही. मराठीत जिद्दी म्हणजे रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मॅट्रिकला पहिला आलेला मुलगा. ‘जिद्दी डाग’ म्हटले की मला तो डाग गरिबीतून वर आलेला दिसतो आणि त्याला घासून काढण्याऐवजी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावासा वाटतो. दूरचित्रवाणीवर तर ओठ हिंदी बोलतात आणि आवाज मराठी. ‘माझी सफेदी, माझी शान’ असले काहीतरी ऐकू येते. सफेदी म्हणजे आम्ही दिवाळीआधी भिंतींना देत असू ती.

जंतूंच्या प्रकरणात मात्र आकडे आहेत, त्यामुळे वाद घालता येतो. फरशी पुसण्याचा द्राव ९९.९ टक्के जंतू मारतो म्हणतात. समजू या, मारले. फरशीवर १०,००,००० जंतू होते, उरले १,०००. पोषण आणि ऊब मिळाली तर कित्येक जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. दहादा दुप्पट झाले की हजाराचे परत दहा लाखांवर. म्हणजे सकाळी नऊला फरशी पुसली की दुपारी बारा वीसला सारे कुटुंब परत जागेवर. आता कोरड्या फरशीवर त्यांना एवढी ऊब आणि पोषण मिळत नाही, हे कबूल. पण मग ते मुळात दहा लाख तरी कशाला होते?

२००५ साली एक क्रांती झाली. डाग चांगले असतात, असे सर्फ एक्सेल सांगू लागले. बहीण चिखलात पडते, म्हणून धाकटा भाऊ त्या डबक्यालाच बुकलून काढतो, अंगभर चिखल, आणि डागामागचे मन बघा, असा एकूण सूर. गोष्ट गोड होती, नाही म्हणवत नाही. आमची ही तर डोळे पुसायची. पण साहित्यात ह्याला भूमिकांतर म्हणतात. १९५९ पासून डागाला खलनायक ठरवणाऱ्या घराण्याने एकाएकी त्याला नायक केले. शिवाय डाग चांगला आहे असे म्हणणारा माणूस आणि तो डाग काढणारा माणूस, ही दोन वेगळी माणसे असतात. तो चिखल शेवटी कुणीतरी ब्रशने घासला. ती फीत मी शोधतो आहे.

२०१५ पासून एरियलने विचारायला सुरुवात केली की, कपडे धुणे हे फक्त बायकांचेच काम आहे का? प्रश्न उत्तम. उशिरा विचारला, पण उत्तम. पुढच्या वर्षी एक बाप लेकीला पत्रातून माफी मागतो आणि स्वतः कपडे यंत्रात टाकतो, अशी फीत आली आणि लोक खूप रडले. मलाही ती आवडली. पण पुरुषाने एक कळ दाबली तर पार्श्वभूमीला व्हायोलिन वाजते; घरातल्या बाईने तीच कळ तीस वर्षे दाबली तेव्हा फक्त यंत्रच वाजत होते.

तरीही ह्या सबंध वाङ्मयाची मुख्य उणीव ह्यातली एकही नाही. मुख्य उणीव पात्रयोजनेत आहे. बसथांब्यावरच्या त्या दोघी आया एकमेकींकडे बघून दचकल्या आणि सुखावल्या खऱ्या. पण आमच्या ओळखीच्या घरांचा अनुभव विचाराल, तर त्या दोन्ही मुलांचे शर्ट बहुधा एकाच बाईने धुतलेले असणार. सकाळी साताला पहिल्या मजल्यावर, साडेआठला तिसऱ्यावर. ती ह्या वाङ्मयात कुठेही नाही. पाकिटावर जे हात दिसतात त्यांत दोन-दोन सोन्याच्या बांगड्या, नखे निगुतीने राखलेली. तसे हात मी लग्नात पाहिले आहेत, मोरीत नाही.

आमच्याकडे धुणेभांडी करायला येतात त्या मावशींना पावडरीची पारख आहे. नवे पाकीट आले की त्या आधी चिमूटभर पूड ओल्या तळव्यावर घेतात, अंगठ्याने चोळतात आणि दोन मिनिटे गप्प राहतात. मग निकाल देतात. “ही हात खाती.” किंवा “ही बरी हाय.” एवढीच समीक्षा. शुभ्रता, सुगंध, उलट्या गिरक्या घेणारे निळे कण, ह्यांतल्या कशाचाही उल्लेख नाही. स्वस्त पावडरीत सोड्याचा अंश बराच असतो. तो मळ सोडवतो आणि कातडीचे तेलही सोडवतो. पावसाळ्यात मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, त्यांत त्या खोबरेल घालतात आणि पुन्हा त्याच बादलीत हात. बारीक अक्षरांचे वाचन मी त्यांना एकदा मोठ्याने करून दाखवले. त्यात लिहिले होते की, वापरानंतर हात स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि नाजूक त्वचा असल्यास पावडरीशी जास्त वेळ संपर्क टाळावा. मावशी चादर पिळता पिळता म्हणाल्या, “हात तर सकाळधरनं त्याच पाण्यात असत्यात, काका. धुवायचे कशात?”

मध्यंतरी एका कंपनीतर्फे पाहणी करायला एक मुलगी दारात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पाटीएवढे यंत्र. नवे उत्पादन बाजारात आणायचे आहे, म्हणाली, पाचच मिनिटे द्या. मुलगी गुणी होती, उन्हातून जिने चढून आली होती. ही तिला पाणी आणायला गेली. “घरात धुण्याची पावडर कोण पसंत करतं?” असा पहिला प्रश्न होता आणि गृहिणी, पती, सासूबाई, इतर असे चार पर्याय होते. मी म्हटले, मावशी. तिने जरा विचार करून ‘इतर’वर बोट ठेवले. म्हटले, मग पुढचे प्रश्न त्यांनाच विचारा. त्या आत आहेत.

मोरीच्या दारात उभी राहून तिने विचारले, “मावशी, नव्या पावडरीत तुम्हांला काय हवंय?”

“हात भाजू नयेत एवढं बगा,” मावशी म्हणाल्या.

मुलीने पडदा वर सरकवला, खाली सरकवला. “हे नाहीये हो ह्यात. सुगंध, फेस, शुभ्रता, डाग नि पाऊच. ह्यातलं एक सांगा.”

मावशींनी बादली कलती केली. “मग फेस लिवा. त्यो कमी करा म्हनावं. खळबळायला चार बादल्या पानी जातंय, आन् नळ साडेआठला जातो.”

मुलीने ‘फेस’वर बोट ठेवले. यंत्राने टिंग केले आणि पुढचा प्रश्न दाखवला. तिने तो वाचून दाखवला: फेस किती वाढवावा असं तुम्हांला वाटतं? थोडा, बराच की भरपूर?